गोळी, काढा आणि एकच वही

खान्देशात ज्या घरी साखरेचा किंवा बीपीचा पेशंट आहे, त्या घराच्या फडताळात एक कॅरीबॅग असते. ती उघडून बघा. मेटफॉर्मिन-ग्लिमेपिराइडची अर्धी संपलेली स्ट्रिप, टेल्मिसार्टनची दुसरी, थायरॉइडच्या गोळ्यांची छोटी बाटली. त्याखाली चंद्रप्रभा वटीची डबी, कॉफीच्या जुन्या बरणीत जांभळाच्या बियांची पूड, आणि अगदी तळाशी बाजारातून आणलेली, नावगाव नसलेली कागदाची पुडी. एमडी डॉक्टरांकडे जाताना त्यातल्या फक्त स्ट्रिपा बाहेर निघतात. वैद्यांकडे जाताना फक्त लॅबचे रिपोर्ट निघतात. पुडी कुणालाच दाखवली जात नाही.

दोन्ही पॅथींचे उपचार एकत्र घेणं चूक आहे, असं मी म्हणणार नाही. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, थायरॉइड ही वर्षानुवर्षं सोबत राहणारी दुखणी आहेत आणि माणूस दोन्हीकडे जाणारच. घोळ होतो तो वेगळ्या कारणाने: पूर्ण यादी एकाही उपचार करणाऱ्याच्या समोर नसते. ‘आयुर्वेदिक आहे, त्याचा काय त्रास?’ हे वाक्य तर घरोघरी ऐकू येतं. पण जी वनस्पती साखर उतरवते, ती गोळीच्या जोडीने नको तितकीही उतरवू शकते. काहीच परिणाम होत नसेल, तर मग ती घ्यायची कशाला?

म्हणून पहिलं काम वहीचं. शंभर पानी साधी वही घ्या आणि पिशवीतली प्रत्येक गोष्ट तिच्यात उतरवा: नाव, किती, किती वाजता, जेवणाआधी की नंतर, कोणी दिली, कधी सुरू केली. तेल, लेप, काढा, च्यवनप्राश, मल्टिव्हिटॅमिन, मेडिकलवरून परस्पर आणलेली अंगदुखीची गोळी, सगळं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला नुसतं ‘औषध काय घेता?’ विचारलं तर उत्तर गोळ्यांपुरतंच येतं, कारण पुडी त्यांच्या हिशेबी औषध नसतेच. पिशवी समोर ओता आणि एकेक वस्तू हातात धरून विचारा, ‘नाना, हाई पुडी कसानी शे?’ मग खरं काय ते निघतं.

वहीचा दुसरा नियम असा की एका वेळी एकच बदल करायचा. मेथी, कारलं आणि नवी गोळी एकाच सोमवारी सुरू केली आणि साखर 40 ने उतरली, तर श्रेय कोणाचं? आणि पंधरा दिवसांनी अंगावर पुरळ आलं, तर बंद काय करायचं? नवी वस्तू सुरू करण्याआधी आठवडाभर उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर आठवड्यातून तीन वेळा लिहा. मग ती एकटीच सुरू करा आणि किमान दोन आठवडे तसंच लिहीत राहा. आहार आणि चालणं तेवढंच ठेवा. नाहीतर श्रावणातल्या उपासांचं श्रेय जांभळाच्या पुडीला जातं.

तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी दर पंधरा दिवसांनी करून काही उपयोग नाही. तांबड्या पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं असतं, म्हणून ती तीन महिन्यांनीच करायची. इथे आपल्या भागाचा एक मुद्दा आहे. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा आणि सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेलमध्ये पेशी लवकर फुटतात, त्यामुळे एचबीएवनसी खरं असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा आणि ग्लुकोमीटरवरच्या रोजच्या आकड्यांवर जास्त भिस्त ठेवा. 6.2 बघून ‘काढ्याने डायबेटिस गेला’ म्हणत गोळी बंद केलेली असते आणि उपाशीपोटीची साखर 190 असते, असं होऊ शकतं.

आता घड्याळ. दोन्ही औषधं चांगली असूनही एकमेकांच्या पायात येतात, ती बहुतेक वेळा वेळेमुळे. सगळ्यात नाजूक थायरॉइडची गोळी. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोह तिला आतड्यात धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर सांगतात. हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण शंख भस्म आणि प्रवाळ म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, गोदंती म्हणजे कॅल्शियम सल्फेट, आणि चंद्रप्रभा वटीत लोह भस्म असतं, हे लक्षात येत नाही. पित्तासाठी सकाळी उठल्या उठल्या शंख वटी आणि तिच्यामागे लगेच थायरॉइडची गोळी असा क्रम असेल, तर टीएसएच (थायरॉइड कमी पडतंय हे सांगणारी रक्ततपासणी) चढत जातो, डोस 50 वरून 75, 75 वरून 100 होत राहतो, आणि दोष गोळीवर येतो. उलटी गोष्ट अश्वगंधेची. ती थायरॉइडचं हार्मोन वाढवू शकते. गोळी चालू असताना अश्वगंधा सुरू केली आणि छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, झोप उडाली, तर ती बंद करून टीएसएच तपासा. असा त्रास नसेल आणि ती चालूच ठेवायची असेल, तरी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायलाच हवं.

इसबगोलचंही असंच. पाणी शोषून ते फुगतं आणि सोबतच्या गोळ्यांना आपल्यात गुंडाळून घेतं, म्हणून गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. थायरॉइडच्या गोळीपासून तर चार तास. आणि ते कोरडं तोंडात टाकून वरून घोटभर पाणी प्यायची सवय मोडा, म्हाताऱ्या माणसाच्या घशात ते तसंच फुगून बसतं. एक चमचा इसबगोल पूर्ण ग्लासभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं आणि मागून आणखी अर्धा ग्लास.

हे सगळं एका दिवसात बसतं. सहाला थायरॉइडची गोळी. सातला चहा. साडेआठला न्याहारीच्या तोंडावर ग्लिमेपिराइड आणि न्याहारीबरोबर मेटफॉर्मिन. भस्म किंवा लोह असलेली वटी दुपारच्या जेवणानंतर. रात्री साडेसातच्या जेवणाबरोबर उरलेल्या गोळ्या, आणि इसबगोल किंवा त्रिफळा दहाच्या सुमाराला झोपताना. वैद्यांनी वटी ‘सकाळी अनशापोटी’ सांगितली असेल, तर थायरॉइडची गोळी आहे हे त्यांना सांगा. ते वेळ बदलून देतात, त्यात कुणाला राग येत नाही.

साखरेकडे येऊ. इथे कळीचा प्रश्न कोणतं झाडपाल्याचं औषध घेता हा नाही, कोणती गोळी घेता हा आहे. मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका कमी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन असेल तर धोका खराच, कारण ही औषधं पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ढकलतात. त्यावर सकाळी ग्लासभर कारल्याचा रस, मधुनाशिनीची पूड आणि नाश्ता दहा वाजता, असं झालं की साडेनऊला घाम फुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांसमोर अंधारी येते. कारल्याची भाजी खाण्याला कुणाची ना नाही. प्रश्न रसाचा आणि अर्काचा आहे, कारण त्यात कितीतरी फळांचा ऐवज एका घोटात जातो.

साखर 70 च्या खाली आली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, तरी वर आली नाही तर पुन्हा तेवढीच द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ दवाखाना. एक खाच इथे आहे. गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल, आणि आपल्याकडच्या तिहेरी गोळ्यांत व्होग्लिबोज बऱ्याचदा असतं, तर साधी साखर लवकर चढत नाही, कारण साखर फोडणारं पाचकच त्या गोळीने अडवलेलं असतं. अशा पेशंटसाठी मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोजची पावडरच घरात हवी.

मेथी हा माझ्या मते सगळ्यात सरळ घरगुती उपाय, पण आपण ती चुकीच्या वेळी घेतो. मेथीचा मुख्य गुण तिच्या चिकट तंतूत आहे. तो जठरात अन्नाबरोबर मिसळून जेवणातली साखर रक्तात हळूहळू सोडतो. सहा वाजता मेथीचं पाणी प्यायचं, दाणे फेकायचे आणि नऊला पोहे खायचे, यात तंतू फेकला जातो आणि उरलेलाही पोह्यांच्या आधीच पुढे गेलेला असतो. चमचाभर मेथी (साधारण 5 ग्रॅम) रात्री भिजवा आणि दाण्यांसकट जेवणाच्या सुरुवातीला चावून खा. पोटात गॅस धरला तर अर्ध्या चमच्याने सुरू करा. गोळ्यांपासून अंतर इसबगोलसारखंच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय रोज मेथी सुरू करू नका.

काही गोष्टींना मात्र थेट नाही म्हणा. सदाफुलीची पानं-फुलं साखरेसाठी चावून खाण्याची सवय गावोगाव आहे. त्या झाडातून व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिन्ब्लास्टिन ही कॅन्सरची औषधं काढतात. अस्थिमज्जा आणि नसा दोन्हींवर घाव घालणारी ही द्रव्यं, पानागणिक प्रमाण वेगळं. अंगणातल्या कुंडीतून केमोथेरपी घेण्यात काय शहाणपण? कडू दुधीचा रस हा दुसरा. दुधी क्वचित कडू निघतो, त्यातल्या कडू द्रव्याने रक्ताची उलटी आणि रक्तदाब कोसळण्यापर्यंत वेळ येते. रस काढण्याआधी देठाकडचा तुकडा जिभेला लावा. कडू लागला तर थुंकून सगळा दुधी फेका. त्यात लिंबू-आलं घालून कडूपणा लपवायला जाऊ नका.

आसव-अरिष्टं घेणाऱ्यांनी एवढंच बघावं की त्यात गूळ असतो आणि आंबवण्यातून आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो, लेबलवर तसं लिहिलेलंही असतं. दातांसाठी किंवा जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल चालू असेल, त्या दिवसांत दशमूलारिष्ट बंद ठेवा. त्या दोघांनी उलट्या आणि धडधड होऊ शकते. च्यवनप्राशचा मोठा भाग साखर असते, हे तर चवच सांगते.

रक्तदाबाच्या पेशंटला सगळ्यात जास्त फसवतो तो ज्येष्ठमध. खोकल्यासाठी दोन दिवस काडी चघळली तर काही होत नाही. पण पित्तावर म्हणून महिना-महिना रोज चमचाभर ज्येष्ठमध चूर्ण घेतलं, तर अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम घटतं आणि बीपी चढतं. लघवीची गोळी (हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, फ्रुसेमाइड) आधीच पोटॅशियम बाहेर काढत असते, त्यात ही भर. पायात गोळे येणं, मांड्या लटपटणं ही पहिली खूण. हृदयाच्या डिगॉक्सिनबरोबर तर ही जोडी धोक्याची. बीपी तीन गोळ्यांनीही उतरत नाही असा पेशंट असेल, तर चौथी गोळी लिहिण्याआधी त्याच्या घरच्या चूर्णाचं लेबल वाचावं. यष्टिमधु म्हणजे तोच.

दुसरं मीठ. लवणभास्कर चूर्णात नावातच लवण आहे, हिंगाष्टकात सैंधव आहे. ‘सैंधव चालतं’ हा समज सोडा, रासायनिकदृष्ट्या तेही बहुतांश सोडियम क्लोराइडच. आणि मग आपलं ताट. कळण्याची भाकरी साखरेच्या पेशंटला उत्तम: ज्वारी, अख्खे उडीद, सालासकट. पण बऱ्याच घरी कळणं दळतानाच त्यात मीठ टाकतात, म्हणजे ताटात किती आलं ते मोजताच येत नाही. बीपीच्या माणसासाठी एक-दोन किलो कळणं बिनमिठाचं वेगळं दळून आणा. सोबतचे बिबडे, पापड, लोणचं आणि शेवभाजीतली शेव यांचं काय करायचं ते सुज्ञास सांगणे न लगे.

योगासनांबद्दल मी पूर्ण बाजूने आहे. रोज पंधरा-वीस मिनिटं मिनिटाला साधारण सहा श्वास इतका संथ श्वास घेतला, तर बीपी थोडंफार उतरतं, गोळी मात्र चालूच ठेवायची. मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्राव झालेला असेल किंवा काचबिंदू असेल, तर शीर्षासन, सर्वांगासन आणि श्वास रोखून धरणं वर्ज्य. बीपी आटोक्यात नसेल तर जोरजोरात कपालभातीही नको. शिबिरात चारशे लोकांना एकाच वेळी शिकवतात तेव्हा हे कुणी विचारत नाही.

किडनी हा सगळ्यात महागात पडणारा भाग, म्हणून इथे जरा कडक बोलतो. रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते दाखवणारा आकडा) वाढलेलं असेल, तर धातूचं कोणतंही औषध स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. आरोग्यवर्धिनी वटीत कज्जली म्हणजे पारा-गंधक आणि ताम्र भस्म असतं. (गावातलं आरोग्यवर्धिनी केंद्र, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, ते वेगळं, ही वटी वेगळी. दोन्हींची नावं एक आल्याने गोंधळ होतो.) ‘रस’ शब्दाने संपणाऱ्या बहुतेक औषधांत पारा असतो. ही औषधं वैद्यांच्या देखरेखीसाठी आहेत आणि यांतल्या बऱ्याच औषधांच्या लेबलवर तशी सूचनाही छापलेली असते. ज्यांची किडनी ठीक आहे, त्यांनीही सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि यकृताची एसजीपीटी तपासणी करून घ्यावं आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा. निव्वळ वनस्पतींच्या औषधांसाठी आयुष मंत्रालयाने मर्यादा ठरवल्या आहेत: शिसं 10 पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक 3, पारा 1, कॅडमियम 0.3. चांगल्या कंपनीकडे बॅचचा तपासणी रिपोर्ट मागता येतो. मागायला लाजू नका.

आणि केळी. 2016 साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. रावेर-यावलच्या माणसाला केळी खाऊ नका म्हणणं म्हणजे शेतातलं पाणी पिऊ नका म्हणण्यासारखं. किडनी ठणठणीत असेल तर बीपीच्या माणसाला केळ्यातलं पोटॅशियम फायद्याचंच. पण मध्यम केळ्यात साधारण 400 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. क्रिएटिनिन वाढलेलं आहे आणि टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू आहे, अशा माणसाच्या रक्तात ते साठतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. त्यावर कोणी ‘किडनी साफ करायला’ नारळपाणी आणि पालेभाज्यांचा रस सांगितला तर तेल ओतल्यासारखंच. अशा पेशंटने भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकावं आणि केळ्याचं प्रमाण आपल्या पोटॅशियमच्या आकड्यावर डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.

आता तळाशी सापडलेली ती पुडी. गुडघ्यासाठी, दम्यासाठी किंवा साखरेसाठी बाजारात, यात्रेत, कधी पोस्टाने येते. त्यावर कंपनीचं नाव नाही, परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, घटक नाहीत, मुदत नाही. तिसऱ्या दिवशी गुडघा दुखायचा थांबतो. झाडपाला सहसा तीन दिवसांत इतकं काही करत नाही, इतक्या लवकर गुण येतो तो बहुधा आत मिसळलेल्या स्टेरॉइडने किंवा डायक्लोफेनॅकने. खुणा ठरलेल्या: भूक अचानक वाढते, चेहरा गोल आणि लाल होतो, पोट सुटतं पण दंड-मांड्या बारीक होतात, कातडीवर जरा लागलं की निळं पडतं, आणि महिन्यापूर्वी 140 असलेली साखर 280 होते. साखरेच्या पुडीत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेलं असलं, तर साखर छान दिसते आणि मग एका रात्री 38 होते.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. तीन-चार महिने घेतलेली, स्टेरॉइडचा संशय असलेली पुडी एका झटक्यात बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तोवर बनायचं थांबलेलं असतं. एकदम बंद केल्यावर उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब कोसळणं असं होतं, आणि घरचे म्हणतात, ‘बघा, औषध सोडलं म्हणून दुखणं परत आलं.’ पुडी घेऊन फिजिशियनकडे जा. ते सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तपासतात आणि गरज पडली तर मोजून-मापून स्टेरॉइड देऊन हळूहळू कमी करतात. बाकी ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानेच बंदी आहे. ती भिंतीवर रंगवलेली दिसली की त्या दारात जाऊ नये, इतकी साधी कसोटी.

पायांच्या बधिरपणावर लोक आधी तेल शोधतात. त्याआधी बी-12 तपासा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी-12 घटतं, आणि आपल्याकडे शुद्ध शाकाहारी घरं भरपूर, त्यामुळे ते आधीच काठावर असतं. ते भरून काढलं तर मुंग्या बऱ्याच वेळा कमी होतात, नुसतं तेल चोळून होत नाहीत. तेल लावायला हरकत नाही, पण गरम किती ते बधिर पायाला कळत नाही. दुसऱ्या माणसाने कोपर बुडवून बघावं, कोपराला सोसवलं तरच. बोटांच्या बेचक्यात तेल ठेवायचं नाही, तिथे बुरशी धरते. गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, सगळं बंद.

आणि रुईचं पान. साखर उतरवायला रुईचं पान उलटं करून तळव्याला लावायचं, वरून मोजा घालायचा, असा मेसेज मोबाइलवर फिरत असतो. पान तोडलं की देठातून पांढरा चीक येतो. तो कातडी जाळतो. चांगल्या पायाला आग होते आणि माणूस पान काढून फेकतो. बधिर पायाला काहीच कळत नाही, मोजा रात्रभर तसाच राहतो, सकाळी तळव्यावर फोड असतो आणि आठवड्याभरात त्याची जखम होते. मधुमेहात पाय कापावा लागतो त्याची सुरुवात बऱ्याच वेळा एवढ्याच फोडापासून होते. प्राचीन वैद्यांनी प्रमेहावर चालणं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. सुश्रुतसंहितेत तर निर्धन रुग्णाने शंभर योजनं चालावं, विहिरी खणाव्यात असं आहे. अनवाणी चालण्याचा भाग तेवढा वगळा. चैत्रात खान्देशातून सप्तशृंगीला पायी जाणाऱ्या साखरेच्या पेशंटने बूट-मोजे घालूनच जावं आणि मुक्कामावर तळवे दुसऱ्याकडून तपासून घ्यावेत. देवी रागावणार नाही.

पंचकर्म करायचं असेल तर दोन्ही डॉक्टरांचं फोनवर एकदा बोलणं घडवून आणा. विरेचन (औषधाने जुलाब करवणं) आणि लंघनात (उपासात) खाणं कमी होतं, पाणी जातं. त्या दिवशी ग्लिमेपिराइड किंवा नेहमीचं इन्सुलिन तसंच घेतलं तर साखर कोसळते. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी तशीच ठेवली तर बीपी उतरून किडनीला धक्का बसतो. डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीतून साखर काढणारी गोळी असेल, तर लंघनाआधी साधारण तीन दिवस ती थांबवायची असते. नाहीतर साखर नॉर्मल दिसत असतानाच रक्त आम्लधर्मी होऊ शकतं: मळमळ, पोटदुखी, धाप. मीटरवर 160 बघून कुणाला संशयही येत नाही. नवरात्रातल्या निर्जळी उपासालाही हेच लागू. एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावला पारा 45 वर असताना विरेचन घेऊच नये. आणि जुलाब लागले त्या दिवशी मेटफॉर्मिन आणि बीपीची गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांकडून आधीच विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

उन्हाळ्याचं निघालंच आहे तर इन्सुलिन. उघडलेली बाटली 25 ते 30 अंशांखाली साधारण चार आठवडे टिकते. आपल्याकडे मे महिन्यात घरातही तापमान एवढं खाली नसतं आणि लाइट जाते ती वेगळीच. फ्रिज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं, त्यात झाकणाच्या प्लास्टिक डबीत बाटली, वरून ओलं फडकं, आणि सगळं सावलीत, वारा लागेल असं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. आपली हवा कोरडी असल्याने हे चांगलं चालतं. पावसाळ्यात दमट हवेत तेवढं थंड होत नाही. एरवी नितळ असणारं इन्सुलिन गढूळ झालं, किंवा कोणतंही इन्सुलिन गुठळ्यांचं किंवा तळाशी चिकटलेलं दिसलं तर वापरू नका (काही इन्सुलिन मुळातच दुधाळ असतात).

गुळवेल राहिली. करोनाच्या काळात ती घरोघरी उकळली गेली आणि 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांतल्या यकृताच्या दुखापतीची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं की गुळवेलीशी मिळतीजुळती दुसरी जात त्यात आली असावी. वाद तज्ज्ञांचा. आपल्यापुरतं व्यवहाराचं एवढंच: ज्यांना आधीपासून थायरॉइड किंवा संधिवातासारखं, शरीर स्वतःवरच उलटतं असं दुखणं आहे, त्यांनी ती रोज घेऊ नये. घेत असाल आणि अंग खाजायला लागलं, लघवी गडद पिवळी झाली, जेवण नकोसं झालं, तर त्याच दिवशी बंद करून एसजीपीटी आणि बिलिरुबिन तपासा. अश्वगंधेलाही हेच लागू.

दात काढायचा असो की मोतीबिंदूचं ऑपरेशन, साधारण दोन आठवडे आधी लसणाच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क, गुग्गुळ, अश्वगंधा असं जे काही चालू असेल ते सर्जन आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना वहीतून वाचून दाखवा. काय बंद करायचं ते तेच ठरवतील. भाजीतली हळद-लसूण चालू राहू द्या. डॉक्टरांनी दिलेली ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल मात्र त्यांनी सांगितल्याशिवाय स्वतः बंद करू नका, विशेषतः हृदयात स्टेंट बसवलेली असेल तर. ॲसिट्रोमसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर पालेभाजी बंद करायची गरज नाही. मेथी, पोकळा, अंबाडी आठवड्यात जेवढी खाता तेवढीच सारखी खात राहा आणि नवं काही सुरू केलं की आठवड्याभरात आयएनआर (रक्त किती पातळ आहे ती तपासणी) बघा.

कोणत्याही औषधाने त्रास झाला, तर 1800-180-3024 या मोफत क्रमांकावर कळवता येतं. फोन करताना डबी हातात ठेवा. नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं आणि त्रास कधी झाला, असं सगळं ते विचारतात, आणि ते वहीत आधीच लिहिलेलं असतं.